खाचेतले रबर : दुचाकीच्या ब्रेकचा इतिहास, भिलाईच्या एका अंगणातून

जून २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने एका अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध केला. इंजिन लहान असो वा मोठे, जवळजवळ सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे करावे, असा त्यातील प्रस्ताव होता. १२५ सीसीहून मोठ्या इंजिनाच्या नव्या मॉडेलांना ही सक्ती १ एप्रिल २०१८ पासून आणि बाजारात आधीच असलेल्या मॉडेलांना १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली होती. आता लहान गाड्यांची पाळी आली. यामागचे कारण आकड्यांत दिसते. मंत्रालयाच्याच अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती.

या बातमीवर बरीच चर्चा झाली. किंमत किती वाढेल, चाक लॉक होणे म्हणजे काय, संगणक दर सेकंदाला किती वेळा दाब सोडतो आणि पुन्हा धरतो, हे सारे सांगून झाले. एक साधी गोष्ट मात्र चर्चेत फारशी आली नाही. एबीएस दाब निर्माण करत नाही आणि तो टिकवूनही ठेवत नाही. हाताने निर्माण केलेल्या दाबाचे तो फक्त नियमन करतो. तो दाब टिकवण्याचे काम चाकाजवळच्या कॅलिपरमध्ये, एका खाचेत बसलेल्या रबराच्या कड्याकडे असते. कड्याची किंमत थोडी आणि जाडी काही मिलिमीटरची. ते निकामी झाले की त्याच्यावर उभी असलेली सारी इलेक्ट्रॉनिक विद्या निरुपयोगी ठरते.

आजचा लेख या कड्याविषयी आहे. सोबत एका प्रश्नाचे उत्तरही द्यायचे आहे. अभियांत्रिकी आणि आयटीआयचे विद्यार्थी तो वारंवार विचारतात : मोटारसायकलचा ब्रेक कॅलिपर घरी उघडून, त्याचे सील बदलून, पुन्हा सुरक्षितपणे जोडता येतो का?

मी हे भिलाईहून लिहितो आहे. मराठी वाचकाला हे गाव दूरचे वाटेल, पण नाते जुने आहे. छत्तीसगढचा हा मुलूख अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे १९५६ पर्यंत ज्या मध्य प्रांताचा तो भाग होता, त्याचीही राजधानी नागपूरच होती. दुर्ग, रायपूर, राजनांदगाव येथे मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि भिलाईचे नाव देशाच्या नकाशावर ठळक झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराच्या खाणींतून लोहखनिज भरलेल्या मालगाड्या येऊ लागल्या आणि येथून रेल्वेचे रूळ देशभर जाऊ लागले. आजही भारतीय रेल्वेच्या रुळांचा मुख्य पुरवठा भिलाईचाच आहे.

रुळांचे हे गाव ब्रेकचा इतिहास सांगायला सोयीचे आहे, कारण ब्रेकविषयीचे सर्वांत महत्त्वाचे तत्त्व माणसाला रुळांवरच सापडले आणि त्यासाठी त्याला मोठी किंमत मोजावी लागली.

अमेरिकेतील जॉर्ज वेस्टिंगहाऊस याने १८६९ मध्ये हवेच्या दाबावर चालणारा रेल्वे ब्रेक तयार केला. त्याची पहिली रचना सरळ होती. इंजिनातून दाबाची हवा नळीने प्रत्येक डब्याखाली पाठवायची, दाब पोचला की ब्रेक लागायचा. या रचनेत एक घातक उणीव होती. नळी फुटली किंवा डबे सुटले तर दाब जाई, आणि ब्रेकची सर्वाधिक गरज असे त्याच क्षणी ब्रेक नाहीसा होई. वेस्टिंगहाऊसने १८७२ मध्ये ही रचनाच उलटी केली. नव्या ब्रेकमध्ये नळीत दाब असेपर्यंत ब्रेक सुटलेला राही आणि दाब गेला की तो आपोआप लागे. नळी फुटली तर गाडी थांबे.

हे तत्त्व माहीत असूनही सर्वांनी ते लगेच स्वीकारले नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा गावाजवळ सहलीला निघालेली एक आगगाडी चढावर अडली. चालकांनी गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी वर न्यायचे ठरवले. गाडीला निर्वाताचा ब्रेक होता, पण तो स्वयंचलित प्रकारचा नव्हता. इंजिनापासून सुटताच मागच्या डब्यांचा ब्रेक गेला. चाकांखाली दगड ठेवले होते, ते पुरले नाहीत. डबे उताराने मागे घरंगळत गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० माणसे मेली, त्यांत बरीच लहान मुले होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक बंधनकारक केला.

तेव्हापासून रेल्वेच्या ब्रेकची मूळ अवस्था ‘थांबलेली’ ही आहे. गाडी चालवायची असेल तर दाब देऊन तिला थांबलेपणातून सोडवावे लागते.

आता दारात उभ्या असलेल्या मोटारसायकलकडे पाहा. तिचा ब्रेक वेस्टिंगहाऊसच्या पहिल्या, टाकून दिलेल्या रचनेसारखा आहे. दाब असला तर ब्रेक आहे, दाब गेला तर ब्रेक गेला. तिची मूळ अवस्था ‘सुटलेली’ ही आहे. याला उपाय एकच केला जातो : पुढच्या आणि मागच्या चाकाचे ब्रेक एकमेकांपासून स्वतंत्र ठेवायचे, म्हणजे एक गेला तरी दुसरा उरेल. मोटारींतही १९६०च्या दशकात दाबाचे दोन वेगळे मार्ग याच विचाराने रूढ झाले. म्हणून घरी काम करणाऱ्याने पाळायचा पहिला नियम या इतिहासातून मिळतो. पुढचा आणि मागचा ब्रेक एकाच दिवशी उघडू नये. एक उघडायचा तर दुसरा चांगला चालतो याची खात्री आधी करावी, आणि उघडलेला ब्रेक पूर्ण तपासून होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नये.

आता द्रवाकडे वळू. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे ब्लेझ पास्कालने सतराव्या शतकात मांडले. त्याचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये, प्रसिद्ध झाला. आपल्या गाडीवर हे तत्त्व किती काम करते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, बोटांनी लिव्हर १०० न्यूटन बलाने, म्हणजे सुमारे १० किलो वजनाइतक्या जोराने, ओढला. लिव्हरची तरफ हे बल पाचपट करते. मास्टर सिलिंडरच्या पिस्टनचा व्यास १२.७ मिलिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १.२७ चौरस सेंटिमीटर भरते, आणि द्रवातील दाब वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ ४० पट होतो. कॅलिपरमधील पिस्टन ३२ मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पॅडवर सुमारे ३,१०० न्यूटन बल पडते. १० किलोच्या जोराचे ३०० किलोहून अधिक झाले.

दाब निर्माण करणे इतके सोपे असेल तर द्रवाचा ब्रेक माणसाला एवढ्या उशिरा का मिळाला? कारण खरी अडचण दाब धरून ठेवण्याची होती. पिस्टन हलला पाहिजे, पण त्याच्या कडेने थेंबही बाहेर येता कामा नये, या दोन मागण्या परस्परविरोधी आहेत. जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये जलदाबयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा त्याला हीच अडचण आली. त्याच्या कारखान्यातील कुशल कारागीर हेन्री मॉड्स्ले याला तिच्या उपायाचे श्रेय दिले जाते. त्याने चामड्याचे वाटीसारखे कडे बसवले. दाब वाढला की द्रवच त्या कड्याचे ओठ फाकवून भिंतीला घट्ट दाबून धरी. गळतीला कारण होणारा दाबच गळती रोखू लागला. आजच्या सीलचे मूळ तेथे आहे.

माल्कम लॉकहीडने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोटारींसाठी द्रवाचा ब्रेक विकसित केला आणि १९२१ मध्ये अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना तो बसला. तोही प्रथम चामड्याच्या वाट्यांवरच चालत असे, आणि चामडे सुकले की गळे. १९२४ मध्ये बाजारात आलेल्या क्रायसलर मोटारीसाठी तिच्या अभियंत्यांनी चामड्याच्या जागी रबर बसवले, आणि द्रवाच्या ब्रेकवर लोकांचा विश्वास बसू लागला. पुढे १९३९ मध्ये नील्स क्रिस्टेन्सन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या अमेरिकी संशोधकाला रबराच्या गोल कड्याचे, म्हणजे आजच्या ‘ओ-रिंग’चे, पेटंट मिळाले. त्याने अर्ज केला तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता, आणि तरुणपणी त्याने ट्रामगाड्यांसाठी हवेचा ब्रेक तयार केला होता. नेमक्या मापाच्या खाचेत बसवले तर रबराचे साधे कडे सरकत्या पिस्टनला दीर्घकाळ बंद ठेवू शकते, हे त्याने दाखवून दिले. कडे महत्त्वाचे खरे, पण खाचही तितकीच महत्त्वाची आहे, ही त्याच्या कामातील शिकवण पुढे उपयोगी पडेल.

त्या सुरुवातीच्या काळात ब्रेकच्या नळ्यांत एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वापरत. एरंडेल नैसर्गिक रबराला फारसे बाधत नाही. त्या अर्थाने तेव्हा ब्रेकमध्ये खरोखरच तेल होते. आज बाजारात ज्याला आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, त्यात खनिज तेलाचा अंशही नसतो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे द्रव ग्लायकॉल वर्गातील आहेत. वस्तू बदलली आणि नाव तसेच राहिले. हे नाव धोकादायक आहे, कारण ते ऐकून माणूस सहज समजतो की तेलाला तेल चालेल. आजची सीले बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात. हे रबर ग्लायकॉलमध्ये वर्षानुवर्षे टिकते, परंतु पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लागले की फुगते आणि मऊ पडते.

हे मी पुस्तकात वाचले ते नंतर. आधी ते अनुभवाने कळले. काही वर्षांपूर्वी सेक्टरमधील क्वार्टरच्या अंगणात मी प्रथमच कॅलिपर उघडला. सील नवे होते, हात स्वच्छ होते आणि उत्साह अमाप होता. पिस्टन आणि खाच मी रॉकेलने धुतली, कारण घरात सायकलची साखळी आम्ही रॉकेलनेच धूत असू. खाचेत राहिलेला ओलावा पुसल्यावर दिसेना. दोन दिवस ब्रेक उत्तम लागला. तिसऱ्या दिवशी मुलीला शाळेत सोडून परतताना गाडी जड चालू लागली. घरी येऊन पुढच्या डिस्कवर पाण्याचे थेंब टाकले, तर ते चर्र करून उडाले. फुगलेल्या सीलने पिस्टन धरून ठेवला होता, पॅड डिस्कला सतत घासत होते, आणि मुलगी मागे बसलेली असताना मी तशीच गाडी चालवली होती. दोष माझाच होता. गाडी अचानक थांबली असती किंवा थांबलीच नसती, दोन्ही शक्यता त्या सकाळी माझ्याबरोबर प्रवास करत होत्या.

त्या दिवशी काय घडत होते, हे समजण्यासाठी डिस्क ब्रेकचा थोडा इतिहास पाहू. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडण्याची कल्पना इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये पेटंटबद्ध केली. त्याच्या पॅडना तांब्याचे अस्तर होते. ते कर्कश आवाज करी आणि लवकर झिजे. त्याच देशात हर्बर्ट फ्रूड घर्षणाच्या अस्तरांवर काम करत होता. त्याने स्थापन केलेल्या फेरोडो कंपनीच्या अस्तरांत १९०८ पासून अॅस्बेस्टॉस आले. उष्णता सोसणारा हा धागा पुढे अनेक दशके जगभरच्या ब्रेकमध्ये राहिला. त्याची धूळ फुप्फुसांचा कर्करोग घडवते हे सिद्ध व्हायला आणि मान्य व्हायला खूप उशीर लागला.

डिस्क ब्रेकची ताकद जगाने पाहिली ती १९५३ मध्ये. त्या वर्षी ल मान्सची २४ तासांची शर्यत डनलॉप डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली. ड्रम ब्रेक तापले की कमजोर पडतात, कारण त्यांची उष्णता आतच कोंडते. डिस्क उघडी असल्याने ती लवकर निवते. दुचाकीत १९६२ मध्ये इटलीच्या लॅम्ब्रेटा टीव्ही १७५ स्कूटरला तारेने चालणारा डिस्क ब्रेक आला, आणि १९६९ मध्ये विक्रीस आलेल्या होंडा सीबी ७५० या मोटारसायकलने द्रवाचा डिस्क ब्रेक सामान्य ग्राहकापर्यंत पोचवला.

भारतात तो पोचायला आणखी तीस वर्षे गेली. एनफील्ड, राजदूत, जावा, बजाजच्या स्कूटर, सगळीकडे ड्रम ब्रेक आणि तो ओढणारी तार किंवा सळई होती. १९८३ मध्ये राजदूतच्या नावाने यामाहाची आरडी ३५० येथे तयार होऊ लागली. परदेशात तिच्या पुढच्या चाकाला डिस्क होती; भारतीय गाडीला ड्रम बसवला गेला. १९९९ मध्ये आलेली हीरो होंडा सीबीझेड आणि २००१ मध्ये आलेली, पुण्याच्या बजाज ऑटोची पल्सर यांनी पुढची डिस्क रस्त्यावर परिचयाची केली. त्यानंतर महाराष्ट्र या भागांच्या निर्मितीचे मोठे केंद्र झाला. वाळूजची एन्ड्युरन्स दुचाकींचे ब्रेक बनवते, इटलीच्या ब्रेम्बोचा ‘बायब्रे’ नावाचा कॅलिपर पुणे परिसरात तयार होतो, आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ‘एआरएआय’ ही संस्था वाहनांच्या चाचण्या घेते. भिलाईच्या अंगणात उघडलेला कॅलिपर बहुधा महाराष्ट्रातून आलेला असतो.

डिस्क ब्रेकला किती उष्णता सोसावी लागते, तेही मोजता येते. दोन माणसांसह गाडीचे वजन २८० किलो आणि वेग ताशी ६० किलोमीटर धरला, तर गतिज ऊर्जा सुमारे ३९ किलोज्यूल येते. साध्या तापमानाचे सुमारे १३० ग्रॅम पाणी उकळीपर्यंत आणायला एवढी ऊर्जा पुरते. एकदा थांबताना एवढी उष्णता ब्रेकमध्ये ओतली जाते, आणि तिचा मोठा वाटा पुढची डिस्क घेते. पॅड सतत घासत राहिले तर ही उष्णता थांबतच नाही. ती पिस्टनमधून द्रवापर्यंत जाते.

येथे द्रवाचा एक स्वभाव आडवा येतो. ग्लायकॉल हवेतील ओलावा शोषतो. कोरडा डॉट ४ द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक सांगते. पण त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत. आपल्याकडचे दमट पावसाळे द्रवात पाणी वाढवतात, आणि भिलाईसारख्या ठिकाणी ४५ अंशांपर्यंत जाणारा उन्हाळा त्याची परीक्षा घेतो. द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग लिव्हर मुठीपर्यंत येतो आणि पॅडपर्यंत काहीच पोचत नाही.

कॅलिपरच्या सीलचे दुहेरी काम आता लक्षात येईल. हे सील बहुधा गोल नसून चौकोनी छेदाचे असते. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि सील त्याला चिकटून किंचित तिरपे होते. लिव्हर सोडला की ते पुन्हा सरळ होते आणि पिस्टनला केसभर मागे खेचते. पॅड डिस्कपासून सुटतात ते या रबराच्या लवचिकतेमुळे; दुसरी स्प्रिंग त्यासाठी नसते. म्हणून सील फुगले, कडक झाले, किंवा खाचेत गंज आणि क्षार साचून त्याला तिरपे व्हायला जागा उरली नाही, तर ब्रेक धरून बसतो. जुना कॅलिपर दुरुस्त करताना नवे सील टाकणे हे निम्मे काम आहे. खाच मूळ मापाला आणणे हे दुसरे निम्मे.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. हे काम घरी करता येते, पण काही अटींवर. गाडीच्या त्याच मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका, त्याच मॉडेलचे मूळ सील किट, बोल्ट नेमक्या मापाने आवळणारा टॉर्क पाना आणि सीलबंद डब्यातील नवा द्रव हाती असावा. यांपैकी एक जरी नसले तर काम पुढच्या रविवारी करावे. गाडीला एबीएस असेल तर त्याच्या दाबनियंत्रक भागाला हात लावू नये. तेथे हवा अडकली तर ती काढायला अनेक गाड्यांत विशेष यंत्र लागते, आणि ते काम सर्व्हिस सेंटरचे आहे.

सर्वांत मोठा धोका पिस्टन बाहेर काढताना असतो. अडकलेला पिस्टन पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने उडवण्याची रीत सर्रास दिसते. हिशेब करून पाहा : ५ बार दाबाची हवा ८ चौरस सेंटिमीटरच्या पिस्टनवर ४०० न्यूटन, म्हणजे ४० किलो वजनाइतके बल लावते, आणि दाबलेली हवा प्रसरण पावत राहते. पिस्टन सुटला की गोळीसारखा येतो. मध्ये बोट असेल तर ते चिरडते. द्रवाचे तसे नसते. तो प्रसरण पावत नाही, म्हणून पिस्टन सुटताच बल संपते. गाडीचाच लिव्हर हळूहळू दाबून, समोर लाकडाची फळी ठेवून, पिस्टन द्रवाच्या दाबाने जवळजवळ शेवटपर्यंत आणावा आणि मग नळी सोडवून हाताने काढावा. पिस्टन दोन असतील तर एकाला थोपवून दुसऱ्याला बाहेर आणावे. दोन भाग बोल्टने जोडलेला कॅलिपर पुस्तिका सांगत नसेल तर फोडू नये.

जुन्या पॅडवरची धूळ फुंकर किंवा हवेच्या झोताने उडवू नये. तीत काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि नाकातोंडावर मास्क असावा. जुने सील लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या टोकाने काढावे. लोखंडी सुईचा एक ओरखडा खाचेत कायमचा गळतीचा मार्ग करतो. खाच नायलॉनच्या ब्रशने घासावी आणि फक्त ब्रेकसाठी बनवलेल्या क्लीनरने किंवा नव्या ब्रेक द्रवाने धुवावी. पिस्टनच्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे दिसले तर तो बदलावा. पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला पिस्टन मापाने लहान होतो आणि त्याचा लेप जातो. सिलिंडरच्या भिंतीवर खोल चरे असतील तर कॅलिपर टाकून द्यावा. टाकून देण्याचा निर्णय हाही दुरुस्तीचाच भाग आहे.

नवे सील नव्या द्रवात बुडवून, पीळ न पडू देता खाचेत बसवावे. पिस्टन सरळ धरून अंगठ्यांनी आत ढकलावा. तो तिरपा गेला तर जोर न लावता बाहेर घ्यावा. नळीच्या बोल्टवरील तांब्याचे वॉशर पुन्हा वापरू नयेत, कारण ते एकदाच चेपून बसतात. मग द्रव भरून हवा काढावी. एकही बुडबुडा आत राहिला तर लिव्हर स्पंजासारखा लागतो. डॉट ५ नावाचा सिलिकॉनचा द्रव यात मिसळू नये. द्रव रंगावर सांडला तर रंग उतरतो आणि डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून पाण्याची बादली जवळ असावी.

शेवटची पायरी तपासणीची. लिव्हर मुठीला पट्ट्याने बांधून रात्रभर दाबलेला ठेवावा. सकाळी कॅलिपरखालचा पांढरा कागद कोरडा असला आणि लिव्हर घट्ट राहिला, तर पुढे जावे. चाक उचलून हाताने फिरवावे. ब्रेक सोडल्यावर ते मोकळे फिरले पाहिजे. पॅड मागे ढकललेले असतात, म्हणून गाडी हलवण्यापूर्वी लिव्हर घट्ट होईपर्यंत अनेकदा दाबावा. पहिली चाचणी मोकळ्या मैदानावर, एकट्याने, चालण्याच्या वेगाने घ्यावी. मागे कोणालाही बसवू नये.

आणखी एक सवय मी भिलाईकडून शिकलो. पोलाद कारखान्यांत देखभालीसाठी यंत्र उघडायचे तर आधी शटडाऊन घेतात, परवाना लिहितात, वीज तोडून कुलूप लावतात, आणि काम झाल्यावर दुसरा माणूस पाहून मगच यंत्र सुरू होते. या रीतीमागे अनेकांचे हातपाय आणि प्राण गेलेले असतात. आर्मानंतर रेल्वे जे शिकली, तेच जगातील प्रत्येक कारखाना आपापल्या अपघातांनंतर शिकला आहे. घरच्या अंगणात परवाना देणारा कोणी नसतो. म्हणून ज्या दिवशी कॅलिपर उघडतो त्या दिवशी मी गाडीची किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे देतो. कागद कोरडा आहे, बोल्ट पुस्तिकेतील मापाने आवळले आहेत, चाक मोकळे फिरते, हे तिसऱ्या डोळ्याने पाहिल्याखेरीज किल्ली परत मिळत नाही. आता ती किल्ली मुलीकडे असते. ती कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहते, आणि घाई करत नाही.